दिल्ली, कामाशिवाय

आमच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या मुसलमान घरांत दिल्लीला जाऊन आलेला माणूस सहज सापडतो. दिल्ली पाहून आलेला माणूस मात्र शोधावा लागतो. जाणारे कामाने जातात. कोणी जमातीत निघतो आणि निजामुद्दीनच्या मर्कजला मुक्काम करून पुढे जातो. कोणी अजमेरला ख्वाजासाहेबांच्या हाजरीला जाता-येता एक दिवस जामा मशीद करतो. कोणाच्या घरातला पेशंट अकोला, औरंगाबाद, नागपूर करत शेवटी एम्सच्या रांगेत पोहोचतो. अलीकडे एखाददुसरा मुलगा स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी तिकडे खोली घेतो. परत आल्यावर यांना दिल्ली कशी आहे असे विचारले, तर ‘बहुत बडी है’ एवढेच उत्तर मिळते. त्यात त्यांचा दोष नाही. काम घेऊन गेलेल्या माणसाला शहर दिसत नाही, कामच दिसते.

या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काहीही काम नसताना दिल्लीला जायचे ठरवले आहे. मुलांना देशाची राजधानी दाखवायची, एवढाच हेतू. वाचायला हे साधे वाटते, पण घरात ठरायला दोन महिने लागले. हे प्रवासवर्णन नाही, कारण अजून निघायचे आहे. तयारीच्या काळात जेवणाच्या दस्तरखानावर जी बोलणी झाली, ती मला प्रवासापेक्षा कमी महत्त्वाची वाटली नाहीत, म्हणून लिहिते आहे.

घर असे. मी उर्दू शाळेत शिकवते, उर्दू आणि मराठी दोन्ही. मुलांच्या अब्बांचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. सासरे पिंजारी होते. कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचे. त्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. सासूबाई सोबत असतात. मोठी मुलगी अकरावीत, मुलगा आठवीत आणि धाकटी चौथीत.

पहिला प्रश्न तारखेचा होता. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, पण वऱ्हाडचे ऊन सोडून दिल्लीच्या उन्हात मुलांना नेण्यात अर्थ नाही. शिवाय तो लग्नसराईचा काळ. डिसेंबर-जानेवारीत तिकडे धुके पडते, गाड्या तासन् तास उशिरा धावतात आणि आमच्या शाळांना तेव्हा मोठी सुट्टीही नसते. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे कोणता महिना मोकळा राहील याचे गणित दर दोन-तीन वर्षांनी नव्याने मांडावे लागते. उरली दिवाळीची सुट्टी. पण सोयाबीन निघाले की शेतकरी रब्बीच्या पाण्याला लागतात, विहिरीवरच्या मोटारी सुरू होतात आणि जळतातही. म्हणजे दुकानाचा हंगाम नेमका तेव्हाच. मुलांच्या अब्बांनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाले, सुट्टी लागल्या लागल्या निघू, आठ दिवसांत परत येऊ, तेवढ्या मोटारी शेजारच्या गावचा मिस्त्री बघेल. दुकान चालवणाऱ्या माणसासाठी हा लहान निर्णय नव्हता.

दुसरा प्रश्न गाडीचा. बुलडाण्याला रेल्वे नाही. राजूर घाट उतरून एसटीने मलकापूर गाठायचे, तिथून भुसावळ, आणि भुसावळहून दिल्लीची गाडी. एसटीत आम्हा बायकांना अर्धे तिकीट आणि बापलेकांना पूर्ण, याचे धाकटीला फार अप्रूप आहे. भुसावळ जंक्शन असल्याने गाड्यांना तोटा नाही. पंजाब मेल आहे, झेलम आहे, गोवा एक्सप्रेस आहे, नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड आहे. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण साठ दिवस आधी उघडते, पूर्वी ते एकशे वीस दिवस होते. दिवाळीच्या गर्दीत तिकीट हवे असेल तर साठाव्या दिवशी सकाळी आठ वाजता मोबाइल हातात घेऊन बसावे लागणार. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे पडते, म्हणून चौथीतली मुलगीही हिशेबात अख्खी धरायची.

तिसरा प्रश्न कागदांचा. हॉटेलमध्ये सर्वांची ओळखपत्रे मागतात, म्हणून मी सगळ्यांची आधार कार्डे काढून टेबलावर मांडली. आमच्या घरात एकाच आडनावाची तीन रूपे आहेत. एका कार्डावर ‘शेख’, दुसऱ्यावर ‘शे.’, तिसऱ्यावर ‘शैख’. सासूबाईंच्या नावापुढचे ‘बी’ रेशन कार्डावर आहे, आधारवर नाही. हे वाचून अनेक घरांत हसू येईल, कारण तुमच्याकडेही असेच आहे. शाळेच्या दाखल्यावर नाव लिहिणाऱ्याने जसे ऐकले तसे लिहिले, पुढे प्रत्येक कागदावर ते थोडे थोडे बदलत गेले. गावात सगळे ओळखतात, त्यामुळे काही अडत नाही. परगावी मात्र मुसलमान माणसाला एका वेलांटीचाही घोर लागतो. मी तिकिटासाठी प्रत्येकाचे नाव आधारवर जसे आहे तसे, अक्षर न अक्षर, वहीत उतरवून ठेवले. मुलांनाही ते पाठ करायला लावले.

चौथा प्रश्न डब्याचा. लांबच्या प्रवासाला निघताना आमच्याकडे खिम्याच्या पोळ्या करतात. कोरडा खिमा चांगला परतून पोळीत भरला की दीड दिवस टिकतो. मुलाने तेच मागितले. घरात कोणी लगेच उत्तर दिले नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये धुळ्याहून मुंबईला निघालेल्या गाडीत इगतपुरीजवळ एका वृद्ध मुसलमानाला डब्यातल्या मांसावरून काही तरुणांनी मारहाण केली. तो माणूस आमच्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातला, मुलीकडे निघालेला. त्याचा व्हिडिओ आमच्या मुलाने पाहिलेला आहे. त्याच्या वयाच्या सगळ्याच मुलांनी पाहिलेला आहे. आपण घरात विषय टाळतो तेव्हा मुले तो मोबाइलवरून शिकतात.

मी त्याला म्हटले, खिमा न्यायचा नाही. का, ते तुला माहीत आहे. तो म्हणाला, “मग आपण घाबरलो ना?” मी म्हटले, घाबरलो असतो तर तिकीट काढायचा विचारच केला नसता. दादी आणि धाकटी सोबत असताना डब्यावरून हुज्जत नको, म्हणून डबा बदलतो. जाणे बदलत नाही. तो गप्प झाला. पटले की नाही सांगता येत नाही. पण खोटे कारण सांगून त्याची समजूत घालण्यापेक्षा खरे कारण सांगून त्याला नाराज ठेवलेले बरे. आता मेथीचे पराठे, तिखट पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचे लोणचे ठरले आहे.

याच बोलण्यात सचखंडचा विषय निघाला. ही गाडी नांदेडच्या हुजूर साहिबहून अमृतसरच्या हरमंदिर साहिबकडे जाते. वाटेतल्या काही स्थानकांवर सेवेकरी डाळ-भात, भाजी, पोळीचा लंगर घेऊन उभे असतात आणि जो डबा पुढे करील त्याला वाढतात. नाव विचारत नाहीत. मुलाने लगेच ठरवले, याच गाडीने जायचे. त्याने एक रिकामा डबा वेगळा काढूनही ठेवला आहे. त्या एका डब्याने त्याची नाराजी माझ्या समजावण्यापेक्षा जास्त कमी केली. त्याच रेल्वेत ते घडते आणि त्याच रेल्वेत हेही घडते, ही गोष्ट त्याने स्वतः पाहावी असे मला वाटते.

मग याद्या झाल्या. मी तिघांनाही सांगितले, प्रत्येकाने पाच ठिकाणे लिहा. धाकटीच्या यादीत मेट्रो दोनदा होती. मुलाच्या यादीत लाल किल्ला, कुतुबमिनार, रेल्वे संग्रहालय, इंडिया गेट आणि बिर्याणी. मोठीच्या यादीत एकच नाव होते, त्याबद्दल शेवटी सांगते.

लाल किल्ल्यावरून मुलगा म्हणाला, “आपल्या लोकांनी बांधला ना?” हा प्रश्न निरागस नाही. शाळेच्या वाटेवर, क्रिकेटच्या मैदानावर कोणीतरी त्याला ‘तुमचे मोगल’ म्हणून गेलेले असते. कोणी ते शिवी म्हणून देतो, तर आपल्यातलाच कोणी मोठेपणा म्हणून छातीशी धरतो. मुलाच्या हातात दोन्हीकडून एकच गोष्ट येते, की तो कोणा बादशहाचा वारस आहे.

मी त्याला म्हटले, शहाजहानने १६३९ च्या सुमारास काम सुरू केले आणि १६४८ साली किल्ला तयार झाला. पैसा कुठून आला? वऱ्हाड १५९६ पासून मोगलांचा सुभा होता. इथल्या काळ्या मातीत पिकलेल्या कापसावर आणि ज्वारीवर सारा बसत होता. तुझे दादा पिंजारी, त्यांचे वडील पिंजारी. आपले पूर्वज सिंहासनावर बसणाऱ्यांत नव्हते, सारा भरणाऱ्यांत असतील. शेजारच्या पाटलांचे पूर्वजही त्यातच. लाल किल्ला आपला आहे, पण तो साऱ्याच्या नात्याने आहे, बादशहाच्या नात्याने नाही. आणि त्या नात्याने तो तुझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाचा आहे.

त्याच किल्ल्यात १८५८ मध्ये इंग्रजांनी बहादुरशाह जफरवर खटला चालवला आणि त्याला रंगूनला पाठवले. त्याच किल्ल्यात १९४५ मध्ये आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग ढिल्लन यांच्यावर एकत्र खटला उभा राहिला. एक मुसलमान, एक हिंदू, एक शीख, आरोप एकच. मुलांना दिवाण-ए-खास दाखवताना हे सांगायचे आहे. आणि महादजी शिंदेही सांगायचे आहेत. दुसऱ्या शाहआलमला दिल्लीच्या तख्तावर पुन्हा बसवले ते मराठ्यांनी, १७७२ साली. पुढे गुलाम कादिरने त्याचे डोळे काढले तेव्हा महादजींच्या फौजेनेच त्याला सोडवले. आमच्या मुलांच्या डोक्यात इतिहास म्हणजे दोन गटांची मॅच असते. अशा दोन गोष्टी सांगितल्या की त्या मॅचचा निकाल लावणे त्यांना अवघड जाते, आणि ते अवघड जावे अशीच माझी इच्छा आहे.

वऱ्हाड-मराठवाड्याचा माणूस दिल्लीला रिकाम्या हाताने जात नाही, हेही मुलांना कळायला हवे. एके काळी राजधानीच आपल्याकडे आली होती. १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीची राजधानी दौलताबादला हलवली. इब्ने बतूताने दिल्ली ते दौलताबाद हे अंतर चाळीस दिवसांचे लिहिले आहे. आपण भुसावळला बसून एका रात्रीत अकराशे किलोमीटर जाणार. आमच्या जिल्ह्यातले साखरखेर्डा तर मुलांनी एसटीतून कितीदा पाहिले आहे. १७२४ साली तिथे निजामुल्मुल्कने दिल्लीच्या बादशहाचा सुभेदार मुबारिजखान याला हरवले आणि दख्खन दिल्लीच्या हातून जवळपास सुटले. त्या विजयावरून गावाला फत्तेखेर्डा हे नाव मिळाले होते. ज्या गावाच्या थांब्यावर आपण भजी खातो, तिथे दिल्लीचा हुकूम थांबला होता.

आणि आपली उर्दू. वर्गात मी दरवर्षी शिकवते की वली दख्खनी १७०० साली दिल्लीला गेला आणि वीसएक वर्षांनी त्याचा दीवान तिथे पोहोचला. तोवर फारसीत लिहिण्यात धन्यता मानणारे दिल्लीचे शायर मग आपल्या बोलीतल्या गझलेकडे वळले. औरंगाबादचा मानला जाणारा हा शायर नसता, तर बल्लीमारानच्या गली कासिमजानमध्ये गालिबची हवेली पाहायला आपण कदाचित गेलोच नसतो. गालिबची हवेली यादीत माझ्यातर्फे आहे. मुलांना तिथे दहा मिनिटांत कंटाळा येईल, पण दहा मिनिटे माझी.

मोठीने एक जागा सुचवली जी मलाही सुचली नव्हती. तुर्कमान गेटच्या आतल्या गल्लीत रझिया सुलतानची मानली जाणारी कबर आहे. १२३६ ते १२४० अशी चार वर्षे तिने दिल्लीवर राज्य केले. तिचे वडील इल्तुतमिश यांची कबर कुतुबमिनारच्या आवारात, कोरीव दगडांच्या भिंतींमध्ये आहे. मुलीची कबर दाटीच्या वस्तीत, घरांच्या भिंतींमध्ये, उघड्या आभाळाखाली. मुलगी म्हणाली, दोन्ही पाहू, म्हणजे फरक दिसेल. मी लगेच होकार दिला.

तिनेच दर्ग्याचाही प्रश्न काढला. हजरत निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यात मजारीच्या दालनात स्त्रियांना प्रवेश नाही, जाळीबाहेरून दुआ करावी लागते. २०१८ मध्ये कायद्याच्या काही विद्यार्थिनींनी याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली होती. मुंबईच्या हाजी अलीत २०१६ च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर स्त्रिया आत जाऊ लागल्या. सासूबाईंचे म्हणणे, “जाली के बाहर से दुआ कम पहुँचती क्या?” मुलीचे म्हणणे, कमी पोहोचत नसेल तर पुरुषांनीही बाहेरूनच करावी. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. आम्ही जाणार आहोत. जाळीबाहेर उभे राहू, अमीर खुसरोंनाही सलाम करू, आणि मुलीचा प्रश्न मी मिटवणार नाही. तो तिच्याजवळ राहिलेला चांगला.

आता एक गोष्ट, जी माझ्या दृष्टीने या साऱ्या बेतामागे आहे. राजधानी म्हणजे काय, असे धाकटीने विचारले. पुस्तकातले उत्तर तिला पाठ होते. मी तिला पातूरची गोष्ट सांगितली. पातूर आमच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातले. तिथल्या नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीच्या खाली उर्दूत नाव लिहिलेले आहे. ती उर्दू काढून टाकावी असा वाद झाला. तो नागपूरहून थेट दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात गेला. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने सांगितले की मराठीसोबत उर्दू लिहायला कायद्याची मनाई नाही, भाषा म्हणजे धर्म नव्हे, आणि उर्दू याच मातीतली आहे. गावातल्या एका पाटीचा निवाडा जिथे होतो, ती राजधानी. धाकटीने विचारले, ते घर आपण पाहायचे? मी म्हटले, बाहेरून तरी नक्की पाहू.

मी मराठीही शिकवते आणि उर्दूही. एका तासाला एक भाषा, पुढच्या तासाला दुसरी, मुले तीच. माझ्या रोजच्या कामावर देशाच्या सर्वात मोठ्या न्यायालयात बोलले गेले, ही गोष्ट मला लाल किल्ल्याएवढीच मोठी वाटते. दिल्लीत रस्त्यांच्या पाट्यांवर हिंदी, इंग्रजी, पंजाबी आणि उर्दू अशा चार भाषा असतात. उर्दू शाळेतल्या माझ्या मुलांना त्या मोठ्याने वाचायला लावणार आहे.

याच कारणासाठी दोन जागा मी कोणाला न विचारता यादीत घातल्या. पहिली अलीपूर रोडवरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मारक. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब तिथेच गेले. २०१८ मध्ये उघड्या पुस्तकाच्या आकाराची इमारत तिथे उभी राहिली. संविधानाची उद्देशिका आमच्या उर्दू पाठ्यपुस्तकांतही छापलेली असते, मुले परिपाठाला ती म्हणतात. जी माणसे रोज ती म्हणतात, त्यांनी ती घडवणाऱ्याचे घर पाहावे. दुसरी जागा गांधी स्मृती, जिथे ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींना गोळ्या लागल्या. त्यांची शेवटची पावले तिथे जमिनीवर दाखवलेली आहेत. आयुष्यातले शेवटचे उपोषण त्यांनी दिल्लीतल्या मुसलमानांना निर्भयपणे राहता यावे यासाठी केले होते. त्यानंतर बारा दिवसांत त्यांचा खून झाला. आमच्या घरातल्या मुलांना हे माहीत असावे. भीतीच्या गोष्टी त्यांना ठाऊक आहेतच, आपल्यासाठी कोण उभे राहिले तेही ठाऊक व्हावे. इंडिया गेटजवळच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात परमवीरचक्र विजेत्यांचे पुतळे आहेत. त्यात १९६५ च्या युद्धातले अब्दुल हमीद आहेत. मुलाला त्यांच्यासोबत फोटो काढायचा आहे.

आता मोठीची यादी. तिने पाच ठिकाणांच्या जागी एकच नाव लिहिले होते, जामिया मिल्लिया इस्लामिया. मेट्रोच्या मजेंटा मार्गावर त्याच नावाचे स्टेशन आहे, हेही कंसात लिहिले होते. बारावीनंतर तिला राज्यशास्त्र घेऊन तिथे शिकायचे आहे. घरात हे तिने तोंडाने कधी सांगितले नव्हते, यादीतून सांगितले.

त्या रात्री बोलणे लांबले. आमच्या नात्यात मुलगी शिकायला अकोल्याला गेली तरी चर्चा होते. मी स्वतः बीएड केले ते रोज एसटीने जाऊन-येऊन, कारण होस्टेल हा शब्दच आमच्या घरात नव्हता. मुलांचे अब्बा म्हणाले, पैशांचे बघता येईल, पण मुलगी अकराशे किलोमीटरवर, आणि दिवस असे. सासूबाई काही बोलल्या नाहीत, तसबीह फिरवत राहिल्या.

मी त्यांना जामियाची गोष्ट सांगितली. १९२० साली अलीगढला, असहकाराच्या दिवसांत ती सुरू झाली. १९२५ मध्ये दिल्लीला आली. १९३५ मध्ये ओखल्याला स्वतःच्या इमारतीची पायाभरणी झाली, तेव्हा कोनशिला बसवायला कोणा नवाबाला बोलावले नाही, शाळेतल्या सर्वात लहान विद्यार्थ्याच्या हातून ती बसवली. धाकटीला हे फार आवडले. जामिया ज्यांनी चालवली त्या डॉ. झाकिर हुसेन यांचे नाव बीएड झालेल्या प्रत्येकाला माहीत असते, कारण वर्धा शिक्षण योजना परीक्षेला हमखास येते. १९३७ साली आपल्याच विदर्भात, वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली आणि हाताने काम करत शिकण्याच्या योजनेची समिती झाकिर हुसेन यांच्याकडे दिली. पुढे हेच शिक्षक देशाचे राष्ट्रपती झाले. त्यांची कबर जामियाच्या आवारातच आहे. मी वीस वर्षांपूर्वी त्यांच्यावर आठ गुणांचे उत्तर लिहिले होते. आता मुलीला घेऊन त्यांच्या कबरीवर फातिहा पढायला जायचे आहे.

निर्णय झाला असे म्हणणार नाही. मुलांचे अब्बा एवढेच म्हणाले, आधी पाहू. मुलींचे वसतिगृह पाहू, आजूबाजूची वस्ती पाहू, तिथे शिकणाऱ्या दोन-चार मुलींशी बोलू. मला हे पुरेसे वाटते. न पाहता नाही म्हणण्यापेक्षा पाहून विचार करणे केव्हाही चांगले, आणि पाहण्यासाठी निघावे लागते.

सोमवारी लाल किल्ला आणि बरीच संग्रहालये बंद असतात, म्हणून वार असे बसवले आहेत. गुरुवारी पोहोचायचे, संध्याकाळी निजामुद्दीन, तिथे गुरुवारी कव्वाली असते. शुक्रवारी जामा मशीद, जुम्म्याची नमाज, रझियाची कबर आणि गालिबची हवेली. शनिवारी लाल किल्ला आणि अलीपूर रोड. रविवारी गांधी स्मृती, रेल्वे संग्रहालय, सर्वोच्च न्यायालय बाहेरून, संध्याकाळी इंडिया गेट. सोमवारी सकाळी जामिया, दुपारनंतर कुतुबमिनार. मंगळवारी परतीची गाडी. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नसते, म्हणजे दोघांचे पैसे वाचतील. मेट्रोत पहिला डबा बायकांचा असतो, म्हणजे आम्ही एकीकडे आणि बापलेक दुसरीकडे. कोणत्या स्टेशनवर उतरायचे हे चढण्याआधीच ठरवून घ्यायचे, असा नियम मुलाने भिंतीवर लावला आहे.

सासूबाई आधीपासून म्हणत होत्या, “मैं घर संभालती. इत्ते दूर कायको जाना, बच्चे अभी लोनार भी ठीक से नहीं देखे.” परवा त्यांनी मला हाक मारली आणि विचारले, तिकिटे किती काढणार. मी म्हटले, पाच. त्या म्हणाल्या, “छे निकालो. लडकी रहेगी कहाँ, वो मेरेकू देखना है.”

म्हणून आता सहा तिकिटे. त्यातला एक खालचा बर्थ मिळाला तर बरे, दादीचे गुडघे दुखतात. वहीत सहावे नाव लिहिले आहे, आधारवर आहे तसे, ‘बी’ न लावता.